मुख्याध्यापकाची खुर्ची: शिक्षक तिकडे का वळतात आणि वळण्याआधी काय तपासावं

प्रश्न बार्शी तालुक्यातल्या एका मॅडमचा आहे. अनुदानित माध्यमिक शाळेत गणित-विज्ञान शिकवतात, वय ४४, सेवा १६ वर्षं. मुख्याध्यापक येत्या ३१ मे रोजी निवृत्त होतायत आणि ज्येष्ठता यादीत आता यांचंच नाव वर आहे. त्या विचारतात, "पगारात फारसा फरक नाही, डोक्याला ताप दुप्पट. तरी संधी आली की जो तो खुर्ची घेतोच. शिक्षक वर्ग सोडून प्रशासनात का जातात? आणि मी जावं का?"

मॅडम, तुमच्या प्रश्नात एक तिसरा प्रश्न दडलाय, आणि माझ्या मते खरा तोच आहे: नाही म्हटलं तर काय होईल? बहुतेक शिक्षक खुर्ची "हवी" म्हणून घेत नाहीत. "नाही घेतली तर" या भीतीने घेतात. म्हणून आधी कारणं सांगतो, मग नकाराचा हिशेब, आणि शेवटी होकार द्यायचाच असेल तर पहिल्या आठवड्यात काय करायचं ते. यातलं बरंचसं तुमच्या संस्थेवर, लिपिकावर आणि आधीच्या मुख्याध्यापकांनी दप्तर कसं ठेवलंय यावर अवलंबून आहे, हे धरून वाचा.

सगळ्यात जास्त वेळा सांगितलं जाणारं कारण पगाराचं, आणि सगळ्यात पोकळ तेच. तुम्हाला १२ वर्षांनंतरची वरिष्ठ वेतनश्रेणी मिळालेली असणार. त्यामुळे पदोन्नतीने उडी बसते ती फार तर एका वेतनवाढीची. वेतनवाढ ३ टक्के धरा. मूळ वेतन ६२,००० असेल तर महिन्याला साधारण १,८६० रुपये आणि त्यावरचा महागाई भत्ता. बार्शीहून सोलापूरला जिल्हा परिषदेच्या माध्यमिक विभागात महिन्यातून तीन-चार खेपा झाल्या, येताजाता १४० किलोमीटर, की त्यातला मोठा भाग पेट्रोलमध्ये गेला. शिवाय २४ वर्षांनी शिक्षक म्हणून मिळणाऱ्या निवडश्रेणीचं मुख्याध्यापक झाल्यावर काय होतं, आणि वरिष्ठ श्रेणी आधी घेतलेल्याला पदोन्नतीची वेतननिश्चिती कशी लागू होते, हे पगारबिलं तपासणाऱ्या वेतन पथकाकडून लेखी विचारून घ्या. तोंडी उत्तर तीन जणांकडून तीन मिळेल.

जुन्या पेन्शनवाल्यांचं गणित वेगळं होतं. निवृत्तिवेतन शेवटच्या पगारावर ठरणार म्हणून शेवटची तीन-चार वर्षं पद घेणं त्यांना परवडायचं. १ नोव्हेंबर २००५ नंतर लागलेल्यांना हा हिशेब इतका सरळ बसत नाही. तुम्ही त्या दुसऱ्या गटात आहात, तेव्हा जुन्या सरांचं "घेऊन टाक, पेन्शनला बरं" हे ऐकून सोडून द्या.

दुसरं कारण शरीराचं. याबद्दल कुणी उघड बोलत नाही. पन्नाशीच्या आसपास घसा बसायला लागतो, टाचा दुखतात, साठ-पासष्ट मुलांच्या वर्गात सलग सहा तास उभं राहणं जड जातं. एप्रिलमधल्या सोलापूरच्या उन्हात पत्र्याखालच्या वर्गात दुपारचा तास घेतलेल्या माणसाला ऑफिसातल्या पंख्याची किंमत विचारू नये. हे कारण खोटं नाही. पण यासाठी पद घेतलेली माणसं वर्षभरात पस्तावतात, कारण शरीराचा थकवा जाऊन डोक्याचा येतो आणि तो रात्री घरी सोबत येतो.

तिसरं कारण मानाचं, आणि त्याची एक काळी बाजू आहे: "माझ्यानंतर लागलेला माझ्या रजेच्या अर्जावर सही करणार?" आपल्याकडच्या संस्थांमध्ये निम्म्या होकारांच्या मुळाशी हेच वाक्य असतं, असं माझं स्पष्ट मत आहे. त्यात लाजण्यासारखं काही नाही, पण स्वतःशी कबूल मात्र करा. मान फक्त पदातूनच मिळतो असं कुणी म्हणालं तर आपल्याच जिल्ह्यातलं उदाहरण आहे. माढा तालुक्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत शिकवताना रणजितसिंह डिसले यांना २०२० चा ग्लोबल टीचर पुरस्कार मिळाला. तेव्हा ते वर्गावरचे शिक्षकच होते.

चौथं कारण माझ्या दृष्टीने सगळ्यात टिकाऊ. काही शिक्षकांना आपल्या वर्गाबाहेरचं दिसायला लागतं. सातवीत भागाकार न येणारी मुलं आपल्याकडे नववीत येतात. आपण नववीत कितीही घासलं तरी खरी कच्ची जागा मागे, पाचवीत आहे. पाचवीला गणित कोणी शिकवायचं हे वेळापत्रक ठरवतं, आणि वेळापत्रकावर मुख्याध्यापकाची सही असते. प्रयोगशाळेची किल्ली कुणाकडे, सरावपरीक्षा कधी, यंत्रमागावर किंवा विडी कारखान्यात दिवस घालवणाऱ्या आईबापांची पालकसभा दुपारी तीनला ठेवायची की संध्याकाळी सातला, हे सगळं त्याच टेबलावर ठरतं. या गोष्टी वर्षानुवर्षं खुपत असतील तर तुम्ही मनाने अर्ध्या तिकडे गेलेल्याच आहात. ही माणसं पदावर टिकतात, कारण दुसऱ्याचा तास चांगला झाला तरी त्यांना आपला झाल्यासारखं वाटतं. ज्यांना फळ्यासमोर स्वतः उभं राहण्यातच आनंद आहे त्यांचे तास पदावर कमी होतात, आणि जे उरतात तेही दारात आलेला पालक मोडतो. त्यांची चिडचिड होते, ती पुढे शिक्षकांवर निघते.

जिल्हा परिषदेच्या शिक्षकांसाठी वाट वेगळी आहे, म्हणून दोन शब्द. तिथे शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टाप्रमाणे पहिली ते पाचवीला १५० च्या वर आणि सहावी ते आठवीला १०० च्या वर पट असेल तर स्वतंत्र मुख्याध्यापक धरलेला आहे. आपल्या जिल्ह्यातल्या बहुतेक वाडीवस्तीच्या शाळांचा पट त्याखाली. म्हणजे तिथला ज्येष्ठ शिक्षक वर्गही घेतो आणि "प्रभारी" म्हणून सगळं दप्तरही सांभाळतो. त्याला प्रशासनात जावं का हा प्रश्नच पडत नाही, तो गेलेलाच असतो. केंद्रप्रमुखाचं पद अर्धं पदोन्नतीने आणि अर्धं विभागीय परीक्षेतून भरण्याचं धोरण आहे. दहा-पंधरा शाळांची जबाबदारी, आर्थिक अधिकार जवळपास शून्य, आणि दिवसभर मोटरसायकल. ज्याला वर्ग बघायला आवडतो आणि कागद आवडत नाही, त्याने केंद्रप्रमुख व्हायला हरकत नाही, असं म्हणावं तर तिथेही माहिती गोळा करण्याचेच मेसेज जास्त. गटशिक्षणाधिकारी, उपशिक्षणाधिकारी व्हायचं असेल तर लोकसेवा आयोगाची तयारी, आणि ती वयाच्या तिशीत. ४४ व्या वर्षी अनुदानित शाळेतून तो रस्ता व्यवहार्य नाही.

आता नकाराचा हिशेब. खासगी शाळांतील कर्मचाऱ्यांची नियमावली १९८१ ची आहे. तिच्या नियम ३ प्रमाणे संस्थेने मुख्याध्यापकपद सेवाज्येष्ठ, अर्हताप्राप्त आणि समाधानकारक सेवा असलेल्या शिक्षकाला द्यायचं असतं. पदवीनंतर पूर्णवेळ शिकवण्याचा पाच वर्षांचा अनुभव, त्यातला दोन वर्षांचा बी.एड.नंतरचा, ही अट तुम्ही कधीच ओलांडलीय. ज्येष्ठाला पद नको असेल तर त्याने रिकामी जागा झाल्यापासून पंधरा दिवसांत, स्वतःच्या हस्ताक्षरात, शिक्षणाधिकाऱ्यांसमोर हक्क सोडत असल्याचं लिहून द्यायचं असतं. संस्थेच्या ऑफिसात टाइप केलेल्या कागदावर घेतलेली सही म्हणजे तो हक्कसोड नव्हे. आणि एकदा नकार दिला म्हणून पुढच्या रिकाम्या जागेवरचा हक्क जात नाही.

कागदावर हे दिलासा देणारं आहे. पण पुढची जागा रिकामी कधी होणार? यादी काढा आणि तुमच्या खालच्या नावाची जन्मतारीख बघा. आपल्याकडे सेवानिवृत्तीचं वय ५८. खालचे सर ५५ चे असतील तर तुमचा नकार म्हणजे तीन वर्षांची मुदत: तोपर्यंत दहावीच्या तीन बॅचेस शिकवा, ४७ व्या वर्षी पद घ्या, हातात अकरा वर्षं उरतात. खालचे सर ४० चे असतील तर ते अठरा वर्षं बसणार आणि तुम्ही त्यांच्या आधी निवृत्त होणार. त्या स्थितीत तुमचा नकार कायमचा आहे. संस्थेच्या इतर शाखांमध्ये कुठे, कधी मुख्याध्यापक निवृत्त होणार आहेत तेही याच कागदावर लिहा, कारण एका संस्थेच्या अनेक माध्यमिक शाळा असतील तर ज्येष्ठता यादी एकत्रित असते. याचा दुसरा अर्थ असा, की होकार दिलात तर नेमणूक बार्शीतच होईल असं नाही. करमाळ्याच्या शाखेतही होऊ शकते. संसार, मुलांची शाळा, सासू-सासरे, सगळं या एका ओळीवर ठरतं, आणि ही ओळ बायकांना पुरुषांपेक्षा जास्त महाग पडते, हे मी सांगायला नको.

यादी बघताना आणखी एक. तुमची ज्येष्ठता नोकरीला लागल्याच्या तारखेपासून नाही, अनुसूची 'फ' मधल्या प्रवर्गात दाखल झाल्याच्या तारखेपासून मोजली जाते. डी.एड.वर लागून नंतर बी.एड. झालेले आणि थेट बी.एड.वर लागलेले यांच्यात निम्मे वाद इथेच होतात. "नाव वर आहे" हे तुम्हाला कुणी सांगितलंय? अंतिम, प्रसिद्ध केलेली, सगळ्यांच्या सह्या असलेली यादी पाहिलीत का? नसेल तर ती आधी मागा. हरकत असलेला सहकारी मे महिन्यात गप्प असतो आणि जूनमध्ये शिक्षणाधिकाऱ्यांकडे जातो. तुमची शाळा धार्मिक किंवा भाषिक अल्पसंख्याक दर्जाची असेल (सोलापूर शहरात तेलुगू, कन्नड, उर्दू माध्यमाच्या अशा बऱ्याच आहेत) तर ज्येष्ठतेचा हा नियम संस्थेला तसाच बांधत नाही. तिथे मुख्याध्यापक निवडण्यात संस्थेला मोकळीक असते.

टीईटीचंही, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षेचं, बघून घ्या. १ सप्टेंबर २०२५ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने पहिली ते आठवीला शिकवणाऱ्या, सेवेची पाच वर्षांपेक्षा जास्त उरलेल्या शिक्षकांना दोन वर्षांत टीईटी उत्तीर्ण होण्यास सांगितलं. पाचपेक्षा कमी वर्षं उरलेल्यांना नोकरीत राहता येतं, पण पदोन्नती हवी तर परीक्षा द्यावीच लागेल. अल्पसंख्याक शाळांचा प्रश्न मोठ्या खंडपीठाकडे गेलाय. तुमच्या नेमणुकीला मिळालेली वैयक्तिक मान्यता नववी-दहावीच्या गटातली आहे की सहावी ते आठवीच्या, हे मान्यतेच्या आदेशावर लिहिलेलं असतं. तो आदेश फाइलमधून काढून स्वतः वाचा. "मी तर दहावीलाच शिकवते" हे वेळापत्रक झालं, मान्यता वेगळी असू शकते.

खुर्चीवरचा दिवस कसा असतो ते दोन उदाहरणांनी सांगतो.

पहिलं, बदली तासांचं. शाळेत तेरा शिक्षक, दिवसाला आठ तासिका, प्रत्येकाला सहा तास आणि दोन ऑफ. सकाळी साडेदहाला कळतं की एक जण मतदार यादीच्या प्रशिक्षणाला, एक किरकोळ रजेवर, एकाच्या घरी दवाखाना. तिघांचे मिळून अठरा तास उघडे. उरलेल्या दहा जणांचे ऑफ तास वीस. म्हणजे जवळपास प्रत्येकाचे दोन्ही ऑफ खाल्ल्याशिवाय वर्ग झाकले जात नाहीत. जो सहकारी काल तुमच्या डब्यातली शेंगाचटणी खात होता, तोच आज वहीवर सही करताना तोंड फिरवतो. कुणाला किती बदली तास दिले याची महिन्याची बेरीज भिंतीवर लावली तर भांडण निम्मं होतं, कारण "मलाच देतात" याला उत्तर कागदावर असतं. दोन वर्ग एकत्र करून मैदानावर सोडणं हा उपाय नाही. एखादं मूल पडलं की पहिला प्रश्न असतो, त्या तासाला कुणाची नेमणूक होती?

दुसरं, पोषण आहाराचं. सहावी ते आठवीला प्रत्येकी १५० ग्रॅम तांदूळ. पट १८० असेल तर २७ किलो. पण हजर १६२ असतात, तेव्हा शिजायला हवा २४.३ किलो. शिक्षक घाईत पटाचा आकडा भरतो किंवा स्वयंपाकी मावशी सवयीने रोजचंच माप घेतात. रोजचा फरक २.७ किलो. बावीस दिवसांत ५९.४ किलो, म्हणजे पन्नास किलोच्या एका पोत्यापेक्षा जास्त. पोर्टलवरची उपस्थिती, साठा नोंदवही आणि कोठीतली पोती, तिघांचे आकडे तीन. तपासणीला आलेला माणूस पोती मोजतो आणि खुलासा मागतो तो मुख्याध्यापकाला. यात चोरी कुणीच केलेली नसते. इलाज सोपा आहे: हजेरी झाल्यावर वर्गनिहाय आकडा चिठ्ठीवर कोठीत जाणार, माप त्यावर काढणार, आणि दर शनिवारी मोजून शिल्लक लिहिणार. पण हा सोपा इलाज वर्षभर रोज करायचा असतो, आणि प्रशासन बऱ्याच अंशी एवढंच आहे. दहावीला प्रमेय समजावताना मुलांचे डोळे चमकतात ते इथे नाही. शनिवारी पोती जुळली, एवढाच काय तो आनंद.

याशिवाय काही गोष्टी कायद्याने थेट तुमच्या नावावर येतात. माहिती अधिकाराच्या अर्जाला ३० दिवसांत उत्तर. उशिराला दिवसाला २५० रुपये, कमाल २५,०००, आणि तो दंड जनमाहिती अधिकाऱ्याच्या खिशातून. हाताखालच्या कर्मचाऱ्याने मुलावर लैंगिक अत्याचार केल्याची तक्रार कानावर आली आणि संस्थाप्रमुखाने ती पोलिसांना कळवली नाही, तर पॉक्सो कायद्यात एक वर्षापर्यंतची कैद आहे. "संस्थेच्या अध्यक्षांना विचारून सांगतो" ही सबब तिथे चालत नाही. मुलांच्या सुरक्षिततेसाठीची सखी सावित्री समिती कागदावर असते. बैठकीची वही शेवटची कधी लिहिली ते बघा. शालार्थ या ऑनलाइन पगारप्रणालीवर पगारबिल पहिल्या टप्प्याला तुमच्याकडूनच जातं. दहावीच्या अंतर्गत गुणांवर सही तुमची. आषाढीला पालखी मार्गावर, नातेपुते-माळशिरस-वेळापूर किंवा अकलूजकडे शाळा असेल, तर वर्गखोल्या वारकऱ्यांना उघडून देणं आणि तिसऱ्या दिवशी नळाच्या तोट्या, बाकं, स्वच्छतागृहं पुन्हा जागेवर आणणंही तुमचंच. ते काम लोक आनंदाने करतात, पण करावं लागतं. आणि मे महिन्याची सुट्टी विसरा: निकाल, दाखले, प्रवेश, लेखापरीक्षण, सगळं त्याच महिन्यात.

हे वाचून घाबरलात तरी लगेच नाही म्हणू नका. आधी स्वतःला तपासून बघा. ३१ मे पर्यंतच्या महिन्यांत विद्यमान सरांकडून दोन कामं मागून घ्या: एक, वेळापत्रक आणि बदली तास, दोन, यु-डायस (शाळेची सरकारला द्यायची ऑनलाइन माहिती) आणि विद्यार्थ्यांच्या आधार वैधतेचं काम. संचमान्यतेत (पटावरून शाळेची पदं ठरवताना) विद्यार्थी मोजताना आधार जुळलेले विद्यार्थी बघतात, तेव्हा नाव, जन्मतारीख, लिंग यातली एक चूक शाळेचं एक पद घालवू शकते. ऊसतोडीला गेलेल्या घरातलं मूल, आधारवर वेगळं आडनाव, आईबाप कारखान्याच्या तळावर, फोन बंद: असं एक प्रकरण शेवटापर्यंत नेऊन बघा. ते सुटल्यावर तुम्हाला बरं वाटलं तर पद तुम्हाला झेपेल. "यासाठी मी एम.एस्सी. केलं का?" असं वाटलं तर तेही उत्तरच आहे. यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाची शालेय व्यवस्थापन पदविका आहे, ती जरूर करा. पण या दोन कामांनी जे कळेल ते पदविकेने कळणार नाही.

दुसरी चाचणी संस्थेची. सचिवांशी बसा आणि विचारा: पूर्णवेळ लिपिक आहे का, की पद रिक्त आणि एखाद्या शिक्षकालाच टायपिंग करावं लागतं? शिपाई मंजूर पदावरचा आहे की भत्त्यावरचा? शाळेची खरेदी कोण ठरवतं? शाळा समितीच्या बैठका खरोखर होतात की इतिवृत्त घरी लिहिलं जातं? मुख्याध्यापक हा त्या समितीचा पदसिद्ध सचिव असतो, इतिवृत्तावर सही त्याची असते. लिपिक चांगला असेल तर अवघड शाळाही चालते. लिपिक नसेल आणि संस्थेच्या सचिवांना कोऱ्या चेकवर सही हवी असेल, तर मान, पगार, ज्येष्ठता काहीही असो, माझा सल्ला नकाराचा.

होकार ठरला तर पदभार घेण्याचं काम एका दिवसात उरकू नका. हार, पेढे, फोटो ३१ तारखेला होऊ द्या. दप्तर मोजून घ्यायला चार दिवस लागतात, आणि निवृत्त होणारे सर एकदा घरी गेले की त्यांना परत बोलावणं अवघड. म्हणून मोजणी मेच्या दुसऱ्या आठवड्यात सुरू करा.

पहिलं जनरल रजिस्टर, म्हणजे दाखल झालेल्या प्रत्येक विद्यार्थ्याची नोंदवही. शाळा सुरू झाल्यापासूनचे सगळे खंड आहेत का, पानांवर क्रमांक आहेत का, मधली पानं फाटलीत का, जन्मतारीख किंवा जातीच्या रकान्यात वेगळ्या शाईने खाडाखोड आहे का. इतर मागासवर्गाच्या पडताळणीत १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा मागतात, म्हणून साठ वर्षांपूर्वीच्या विद्यार्थ्याचा नातू उतारा मागायला तुमच्या दारात उभा राहतो. त्या नोंदीवर त्याचं मेडिकलचं ॲडमिशन अडलेलं असतं. खाडाखोड आढळली तर पान क्रमांक आणि नोंद क्रमांकासह पदभार यादीत लिहा, फोटो काढा. न लिहिलेली खाडाखोड उद्या तुमच्या काळातली ठरते. नोंद बदलायला कुणी कितीही रडवेलं होऊन आलं तरी सक्षम अधिकाऱ्याच्या आदेशाशिवाय त्या रकान्याला पेन लावायचा नाही.

मग शाळा सोडल्याच्या दाखल्यांची पुस्तकं: वापरलेली, चालू, कोरी, अनुक्रमांक सलग आहे का. कोरं दाखला-पुस्तक गहाळ असेल तर त्याची किंमत पैशांत मोजता येत नाही. मग रोजकीर्द आणि बँकेचं पासबुक एकमेकांशी, त्याच तारखेला. समग्र शिक्षातून किंवा इतर कुठूनही निधी आलेला असेल तर तो कशावर गेला, उपयोगिता प्रमाणपत्र दिलं का. सेवापुस्तकं माणसं मोजून, आणि शेवटची नोंद कधीची ते बघून. तीन वर्षं न भरलेलं सेवापुस्तक ही तुमच्याच सहकाऱ्याची अडलेली वेतनवाढ असते. डेडस्टॉक (बाकं-कपाटांसारखं टिकाऊ सामान), प्रयोगशाळा, ग्रंथालय, संगणक. शेवटी लेखापरीक्षणातले प्रलंबित मुद्दे आणि शाळा न्यायाधिकरणात किंवा उच्च न्यायालयात चालू असलेल्या प्रकरणांची यादी. ही दोन पानं बहुतेक पदभार यादीत नसतातच, मागून घ्यावी लागतात. प्रत्येक बाबीसमोर "मोजून मिळाले", "मिळाले नाही" किंवा "मोजले नाही" यांपैकी एक लिहा. "यादीप्रमाणे सर्व मिळाले" या एका ओळीखाली सही करू नका.

आणि सगळ्यात आधी तुमच्या नेमणुकीला शिक्षणाधिकाऱ्यांची मान्यता मिळवण्याचा प्रस्ताव. तो जागा रिकामी व्हायच्या आधी तयार हवा: संस्थेचा ठराव, अंतिम ज्येष्ठता यादी, आरक्षणाची बिंदुनामावली, तुमच्या अर्हतेच्या प्रती, आणि वरच्या कुणी हक्क सोडला असेल तर शिक्षणाधिकाऱ्यांनी साक्षांकित केलेला कागद. यातलं एक पान कमी पडलं की त्रुटीचं पत्र येतं. तुमच्या सहीला मान्यता नाही, शालार्थवर जुन्या सरांचं नाव, आणि जूनचं पगारबिल अडलं, असं झालं की स्टाफरूममध्ये दोष अधिकाऱ्यांना किंवा संस्थेला जात नाही. तो तुम्हाला येतो, खुर्चीवर बसल्याच्या पहिल्याच महिन्यात. म्हणून प्रस्ताव दाखल केल्याची पोच, आवक क्रमांक आणि तारखेसह, स्वतःच्या फाइलमध्ये ठेवा. लिपिकाच्या टेबलावर नको.

तुमच्या बाबतीत माझा कल विचाराल तर: ४४ व्या वर्षी होकार म्हणजे चौदा वर्षं. इतका काळ मानासाठी किंवा कुणाला खाली ठेवण्यासाठी बसवत नाही. खालचे सर पन्नाशीच्या पुढचे असतील तर या वेळी सोडा आणि तोवर पर्यवेक्षकपद मिळत असेल तर ते घ्या. तिथे वेळापत्रक, परीक्षा आणि शिस्त हातात येते, तास बऱ्यापैकी राहतात, चेकबुक मात्र लांब असतं. खालचं नाव चाळिशीतलं असेल, लिपिक असेल आणि ते आधारचं प्रकरण सोडवताना तुम्हाला मजा आली असेल, तर घ्या. आणि दहावीचा गणिताचा एक तास, सकाळचा पहिला, वेळापत्रकात स्वतःच्या नावावर ठेवा. साडेअकरानंतरचा तास मुख्याध्यापकाला मिळत नाही.